कोल्ड मिक्सचं पोतं : खान्देशातल्या कुठल्या खड्ड्यात टिकतं, कुठल्यात नाही

"फोडा, ओता, ठोका, गाडी सोडा." रस्त्यातले खड्डे भरायचं, न तापवता वापरायचं डांबर-खडीचं तयार मिश्रण म्हणजे कोल्ड मिक्स. त्याच्या बहुतेक पोत्यांवर याच अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. ग्रामपंचायती, जिनिंगची आवारं, पेट्रोल पंप, हाउसिंग सोसायट्या अशा सगळ्यांना ही पोती बांधकाम केमिकलच्या विक्रेत्यांकडून मागवता येतात. खडी-डांबर तापवून मिसळणारा हॉट मिक्स प्लांट पावसाळ्यात बंद असतो आणि दोन घमेल्यांच्या कामाला तिथून कोणी डंपर पाठवत नाही, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत डांबराचा खड्डा डांबरानेच भरायचा तर हाच सोयीचा पर्याय उरतो. माल म्हणून आमचं मत चांगलं आहे. पोत्यावरची सूचना मात्र अर्धीच आहे, आणि खान्देशात तिचा राहिलेला अर्धाच जास्त महत्त्वाचा आहे.

आधी पोत्यात काय असतं ते बघू. 6 ते 10 मिलिमीटरची खडी, थोडी कच (दगडाची भुकटी), आणि थंडच ठेवता येईल असं पातळ केलेलं डांबर. पातळ करण्याचे दोन मार्ग. एकात डांबरात रॉकेल-डिझेलच्या जातीचं द्रावण घातलेलं असतं. त्याला कटबॅक म्हणतात. द्रावण उडून जातं तसा माल घट्ट होतो. दुसऱ्यात डांबराचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, ते इमल्शन; पाणी वेगळं झालं की डांबर खडीला धरतं. तिसरा, महागडा प्रकार पाण्याशी संयोग झाला की कडक होतो, आणि "भर पावसात चालतो" हा दावा मुख्यतः त्याचा असतो. कटबॅकच्या तयार मालासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं 2014 चं स्वतंत्र मानक आहे, आयआरसी 116. घेताना पोत्यावर त्याचा उल्लेख आहे का आणि उत्पादनाची तारीख कुठली, या दोन गोष्टी बघा. तारीखच नसेल तर ते पोतं परत करा.

पोतं फोडल्यावर पहिली परीक्षा मुठीची. हातमोजा घालून मूठभर माल घट्ट दाबायचा. लाडू वळला, बोटाने टोचल्यावर फुटला, आणि मोज्यावर फक्त काळा डाग राहिला तर माल बरा. लाडू वळतच नसेल तर द्रावण आधीच उडालेलं आहे, तो माल ठोकून बसणार नाही. मोज्यावरून डांबर ओघळलं तर चाकाखाली सरकणार. दुसरी परीक्षा पाण्याची: मूठभर माल स्टीलच्या डब्यात पाण्यात बुडवून 24 तास ठेवायचा. प्रयोगशाळेत हीच चाचणी 40 अंशांच्या पाण्यात करतात, आणि जळगावात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेवढं आपसूकच असतं. दुसऱ्या दिवशी माल पसरून बघा. खडीचे उघडे, राखाडी पडलेले भाग 5 टक्क्यांपेक्षा जास्त दिसले तर तो माल पावसात खडी सोडणार हे नक्की. आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी डांबर चांगलं धरते, त्यामुळे डांबर सुटलेलं दिसलं तर संशय खडीवरच्या धुळीवर घ्यावा. न धुतलेल्या, कच चिकटलेल्या खडीला डांबर लागतं ते धुळीला, दगडाला नाही.

आता खड्डा होतो कसा, ते. हे कळल्याशिवाय पोत्याला चांगलं-वाईट म्हणणं म्हणजे पेशंट न बघता औषधाला नावं ठेवणं.

थंड देशांत भेगेतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि रस्ता आतून उचलतो. काही पोत्यांवर "उणे तापमानातही वापरता येतो" असं छापलेलं असतं, ते त्या हवामानासाठी. धुळ्यात पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो, पण रस्त्यातलं पाणी गोठत नाही. आपल्या खड्ड्याची सुरुवात उलट टोकाला, मार्च ते मे महिन्यांत होते. हवेत 44-45 अंश असतात तेव्हा काळ्या डांबराचा पृष्ठभाग 60 च्या पुढे जातो. आपल्या रस्त्यांवर वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा मऊ पडण्याचा बिंदू किमान 47 अंश असावा असं मानक सांगतं. म्हणजे दुपारी डांबर मऊच असतं, खडीच्या एकमेकींतल्या पकडीवर रस्ता तग धरतो आणि जड गाड्यांच्या चाकोऱ्या उमटतात. त्याच वेळी ऊन आणि हवा डांबरातला तेलकट अंश कमी करत असतात. चार-पाच उन्हाळे गेले की डांबर करड्या रंगाचं, ठिसूळ होतं. ठिसूळ डांबर चाकाखाली वाकत नाही, तडकतं. पहिल्यांदा चाकोरीत बारीक रेघा, मग त्या एकमेकींना मिळून मगरीच्या पाठीसारखी जाळी.

खाली काळी जमीन असेल तर आणखी एक भेग येते, आणि ती गाडीमुळे नसतेच. तापीकाठच्या, गिरणेकाठच्या भारी जमिनीत आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतातली ती भेग साइडपट्टीशी येऊन थांबत नाही. रस्त्याची कड आकसते, मधला भाग झाकलेला असल्यामुळे कमी आकसतो, आणि कडेपासून दोन-तीन फुटांवर रस्त्याच्या लांबीला समांतर अशी एक लांब भेग धावते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात उलटं बघायला मिळतं: एका बाजूला बारमाही पाणी घेतलेली बाग, दुसऱ्या बाजूला पडीक. रस्त्याची एक कड ओली आणि फुगलेली, दुसरी कोरडी आणि आकसलेली.

मग मृग लागतो. पहिल्या एक-दोन सरींनी काही होत नाही, उलट धूळ धुतली जाऊन रस्ता छान दिसतो. नुकसान करते ती झड. पाणी भेगेतून खडीकरणात उतरतं आणि तिथून काळ्या मातीत. कोरडी असताना दगडासारखी असणारी ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. मातीची भार पेलण्याची ताकद ज्या सीबीआर आकड्यात मोजतात, तो भिजलेल्या काळ्या मातीत 2 ते 4 टक्क्यांवर येतो. चांगल्या मुरमाचा आकडा याच्या कितीतरी पट असतो.

पुढचं काम चाक करतं. ट्रकचं चाक भेगेवर आलं की आतलं पाणी दाबलं जाऊन बाहेर उडतं, चाक पुढे गेलं की पोकळीत पुन्हा ओढलं जातं. प्रत्येक खेपेला पाणी आपल्याबरोबर थोडी बारीक माती वर आणतं. हे डोळ्यांनी दिसतं. झड थांबून उघडीप पडली की तास-दोन तासांनी बाकीचा रस्ता सुकलेला असतो, पण भेगेची रेघ ओलीच राहते आणि तिच्या दोन्ही कडांना पिवळट-तपकिरी गाळाची किनार असते. ती किनार दिसली म्हणजे खालचा थर पोकळ व्हायला लागला आहे, जरी वर अजून खड्डा नसला तरी. दोन-चार दिवसांत जाळीतला एखादा तुकडा हलायला लागतो, निघतो, आणि लोक म्हणतात एका रात्रीत खड्डा पडला. पडायला तीन महिने लागलेले असतात.

गाडीचं वजन इथे सरळ हिशेबाने मोजायचं नसतं. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. त्यामुळे जास्तीची वाळू भरलेला एक डंपर दिवसभराच्या मोटारसायकलींना आणि रिक्षांना भारी पडतो.

खड्डा कुठल्या कारणाने पडला त्यावर पोतं टिकणार की नाही हे ठरतं. वरचं डांबर जुनं होऊन निघालं आहे, खालची खडी घट्ट आहे, पाणी साचत नाही: इथे कोल्ड मिक्स उत्तम. नीट भरलं तर पावसाळा सहज पार पाडतं, बऱ्याचदा पुढचाही. खालून गाळ येतो आहे, पहारीचं टोक खड्ड्याच्या तळात न ठोकता आत जातं: इथे कितीही महाग पोतं घाला, आठ-पंधरा दिवसांत माल जसाच्या तसा खाली बसतो आणि वर पुन्हा तेवढाच खड्डा. लोक अशा वेळी मालाला शिव्या देतात, मात्र बसलेला माल उकरून पाहिला तर तो अखंड निघतो. दोष खालच्या मातीचा असतो.

घाटात, वळणावर आणि गतिरोधकाच्या अलीकडे-पलीकडे आम्ही पोत्याला कमी गुण देतो. घाटातल्या वळणांवर लांब ट्रकचं मागचं चाक फिरताना रस्ता पिळतं. गतिरोधकापाशी ब्रेकचा धक्का बसतो, शिवाय चढाच्या बाजूला पाणी अडतं. कटबॅकचा माल पहिले काही आठवडे मऊ असतो, हा पीळ त्याला सोसत नाही; तो लाटेसारखा पुढे सरकून बसतो. अशा ठिकाणी पाण्याने कडक होणारा प्रकार घ्यावा. खर्च जास्त येतो, पण तिथे तोच चालतो.

भरायची पद्धत. खड्डा जसा गोल-वाकडा आहे तसा भरायचा नाही. कडेला जिथे डांबर ठोकल्यावर खणखणीत वाजतं तिथपर्यंत जायचं, खडूने चौकोन आखायचा आणि छन्नी किंवा कटरने कड उभी कापायची. कड उतरती ठेवली तर तिथे मालाची जाडी शून्यावर येते, पातळ पापुद्रा पहिल्या पावसात निघतो आणि तिथूनच पाणी परत शिरतं. चौकोनाची एक बाजू गाड्यांच्या दिशेला आडवी ठेवावी. सुटे तुकडे, चिखल, माती सगळं काढायचं. पाणी असेल तर मग्गा आणि पोतेऱ्याने उपसायचं. पाण्यात चालणारा माल पाण्याने धुतला जात नाही एवढाच त्या दाव्याचा अर्थ आहे. तळाशी चिखलाचा थर राहिला तर माल चिखलाला चिकटेल, रस्त्याला नाही.

मग टॅक कोट, म्हणजे पातळ डांबराचा हात. तळाला डांबरच असेल तर लवकर फुटणारं आरएस-1 इमल्शन चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम. 60 बाय 50 सेंटीमीटरच्या चौकोनाला तळ आणि बाजू धरून 100 ग्रॅम पुरतं, म्हणजे चहाचा एक कप. इथे हात सैल सोडणारे फार. ओतून तळं केलं तर दोन थरांत घसरण तयार होते आणि उन्हात ते डांबर वर फुटून येतं. ब्रशने, बाजूच्या उभ्या कडांनाही. चॉकलेटी रंग जाऊन काळा झाला की माल घालायचा, उन्हात हे काही मिनिटांत होतं. तळाला उघडी खडी असेल तर सावकाश फुटणारं एसएस-1 इमल्शन लागतं आणि तेही जास्त, चौरस मीटरला 700 ग्रॅम ते 1 किलो. काही पोत्यांवर टॅक कोटची गरज नाही असं लिहितात. कोरड्या, स्वच्छ, खरखरीत खड्ड्यात ते खरंही असतं. पावसाळ्यात असा खड्डा आम्हाला दाखवा.

मालाचा हिशेब सोपा आहे. ठोकून बसलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण 2,100 ते 2,200 किलो. 60 बाय 50 चा, 5 सेंटीमीटर खोल खड्डा म्हणजे 32 किलो, सांडलवंड धरून 35. पंचवीस किलोच्या एका पोत्यात 5 सेंटीमीटर खोलीचा जेमतेम 48 सेंटीमीटर बाजूचा चौकोन भरतो. चौरस मीटरला साडेचार पोती. दुकानदार पोत्याचा दर सांगतो, तुम्ही किलोचा काढा. 20, 25, 40, 50 किलोची पोती शेजारी-शेजारी असली की स्वस्त कुठलं हे डोळ्याला कळत नाही.

एका थरात 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त घालू नये. कटबॅकचा जाड थर वरून सुकतो, आतलं द्रावण अडकून राहतं आणि महिन्याने सुद्धा टाच दाबली तर दबतं. वीतभर खोल खड्डा सगळा पोत्याने भरणं हा पैशाचाही नाश आहे. खाली 40 मिमीची खडी आणि कच घालून, ओलसर करून, धुम्मस मारून घट्ट करा, वरचे 5 सेंटीमीटर फक्त कोल्ड मिक्स. उलट 3 सेंटीमीटरपेक्षा पातळ खड्ड्यात 10 मिमीच्या खडीचा माल धरत नाही, खडी सुटून उडते. तिथे बारीक मालाचं पोतं मागा किंवा खड्डा थोडा खोल करा.

ठोकण्यात सगळ्यात जास्त कामचुकारपणा होतो. 5 सेंटीमीटर हवे असतील तर सैल माल साडेसहा सेंटीमीटर पसरावा लागतो. छोट्या खड्ड्याला आठ-दहा किलोचं धुम्मस चालतं: आधी चारी कडा, मग मध्य, आणि ठसा उमटायचा बंद होईपर्यंत. मोठ्याला प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणा. गावात ट्रॅक्टर असतोच, पण त्याचं मागचं चाक मालावर घालू नका. त्याच्या नक्षीने नांगरल्यासारख्या रेघा पडतात आणि प्रत्येक रेघेत पाणी थांबतं. भरलेल्या ट्रॉलीचं साधं चाक आठ-दहा वेळा सावकाश फिरवा. शेवटी माल रस्त्यापेक्षा अर्धा ते एक सेंटीमीटर उंच राहिला पाहिजे, वाहतुकीने तो बसतो. सपाट केला तर आठवड्यात बशी होते आणि बशीत पाणी. वर मूठ-मूठ कोरडी कच भुरभुरली की माल चाकाला चिकटत नाही. कडेच्या सांध्यावरून इमल्शनचा तीन-चार बोटं रुंद पट्टा फिरवायला दोन मिनिटं लागतात. नवं आणि जुनं यांच्यातली ती रेघच पुढची भेग असते.

याला पर्याय म्हणून आपल्याकडे काय घालतात? मुरूम. पंचायतीच्या हाताशी असतो, फुकट असतो, आणि डांबरी खड्ड्यात सगळ्यात वाईट. मुरूम पाणी धरून ठेवतो, एका झडीत चिखल होतो, आणि चाकाबरोबर बाहेर येऊन चांगल्या डांबरावर पसरतो, तिथे मोटारसायकल घसरते. पाडलेल्या घराच्या विटा-काँक्रीट त्याहून वाईट. मुरूम निदान टायर कापत नाही. पेव्हर ब्लॉक पाणी साचणाऱ्या जागी, गावातल्या संथ वाहतुकीत टिकतात, पण ब्लॉक आणि डांबराच्या सांध्याला कडेचा दगड हवा, नाहीतर कडा ढासळतात. काँक्रीट भरायचं तर पाणी मारत दिवसच्या दिवस रस्ता अडवावा लागतो, आणि आजूबाजूचं डांबर वाकतं तसं ते वाकत नाही. हॉट मिक्सशी तुलना करायची तर गरम मालच सरस, यात वाद नाही. पण तो 150-165 अंशांवर तयार होतो आणि 90 च्या खाली येण्याआधी रोलर फिरून संपावा लागतो. घमेल्यातून पसरलेला दोन खड्ड्यांचा माल तेवढा वेळ गरम राहत नाही. रोलर येईपर्यंत गार झालेला हॉट मिक्स चांगल्या कोल्ड मिक्सपेक्षा कमी टिकतो. दसऱ्यानंतर प्लांट सुरू झाला की सलग पट्ट्यांचं काम मात्र गरम मालानेच करून घ्यावं.

पोत्यावर एक शब्दही नसतो अशी गोष्ट म्हणजे पाण्याची वाट. डांबरी रस्त्याला मधून कडेला 2 ते 2.5 टक्के उतार हवा. साडेतीन मीटरच्या गावरस्त्याला मधोमध आणि कडेत साडेतीन-चार सेंटीमीटरचा फरक झाला. साइडपट्टीचा उतार त्याहून अर्धा टक्का जास्त. प्रत्यक्षात साइडपट्टीवर दरवर्षी माती आणि गवत चढत जातं, ती डांबरापेक्षा उंच होते, आणि पाणी रस्त्यावरच लांबीने वाहतं. खड्डा भरायला चार माणसं लावणार असाल तर त्यांतल्या एकाला फावडं देऊन साइडपट्टीतून नालीपर्यंत दर आठ-दहा मीटरला एक आडवी चर काढायला लावा. मोरीचं तोंड गाळाने बंद असेल तर आधी ते. नळाच्या पाइपलाइनची गळती असेल तर खड्डा भरायच्या आधी प्लंबर. गळतीवरचा खड्डा उन्हाळ्यातही ओला असतो, त्यावरून ओळखा.

घेण्याची वेळ आणि साठवण. मालाचं आयुष्य सहसा सहा महिने ते वर्ष सांगतात, ते सावलीतलं. मार्चमध्ये घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर जूनपर्यंत पोत्याचा दगड झालेला असू शकतो. मेच्या शेवटी, रोहिणी लागल्यावर, लागेल तेवढंच घ्या. आतली प्लास्टिकची पिशवी फाटलेली नको; पोती लाकडी फळ्यांवर, पाच-सहापेक्षा जास्त थर नाहीत, नाहीतर खालची दाबून गठ्ठा होतात. कटबॅकच्या पोत्याजवळ विडी-काडी नको. फोडलेलं पोतं उरलं तर हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि आठवड्याच्या आत वापरा. थंडीत कडक वाटलं तर पोतं न फोडता दोन तास उन्हात ठेवायचं. त्यात डिझेल मिसळून सैल करायचा उद्योग करू नये, तो माल कायमचा मऊ राहतो. आणि पावसाळ्यासाठी बनवलेला सैल माल मे महिन्यात भर दुपारी भरू नका: 60 अंशांच्या रस्त्यावर तो पहिल्या ट्रकच्या चाकाला चिकटून पुढच्या गावाला जातो.